एकदम सांगायची सवय

माय, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली, की आता तुझ्याशी बोलताना काही दुखत नाही. म्हणूनच लिहायला बसलो असेन.

भाताच्या रोवणीचे दिवस आठवतात. तलावाखालच्या बांध्यांत बाया लावलेल्या, घरात चार चुली पेटलेल्या आणि कोठीची किल्ली मोठीमायच्या, थोरल्या काकूच्या, कमरेला. मूठभर डाळ घेतली तरी तिथल्या तिथे तिला सांगायचं. रोजच्या वापरातलं हाताशी, बाकीचं माळ्यावर, हे सगळं तिच्या डोक्यात. तुम्ही धाकट्या जावा दारात ताटकळत उभ्या आणि चुली रिकाम्या जळताहेत. एके दिवशी तू प्रत्येक चुलीजवळ डबा भरून ठेवलास. मोठीमाय कडाडली, "मले न इचारता घर चालवून राहिली का?" तू म्हणालीस, "दर खेपेले काहून सांगा लागते, बाई? सांजच्याले साऱ्या जणी एकदम सांगू." त्या दिवशी जेवणं वेळेवर बांधीवर गेली. मोठीमाय कितीतरी दिवस तुझ्याशी बोलली नाही, पण डबे राहिले.

तीच सवय तू पोटदुखीला लावलीस. साकोलीच्या डॉक्टरांनी उशीर झाला म्हटलं, तेव्हा मला तार आली. मी पोचलो तर अंगणात माणसं बसलेली. दादा म्हणाला, "मी इचारलं तं माय म्हणे, तू दिवाळीले आला का साऱ्यायले एकदम सांगीन." मी मान हलवली, पाय धुतले, कोणीतरी दिलेला चहा प्यालो.

नंतर, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, कचेरीत अनेक प्रोसेसरचा संगणक आला. त्याच्या मेमरीची पानं पाडलेली असतात. कुठलं पान नुकतंच वापरलं याची एकच सामाईक यादी. जागा कमी पडली की बराच काळ न वापरलेलं पान बाहेर काढायचं. पण प्रत्येक नोंदीला यादीला कुलूप लावावं लागे, तोवर बाकीचे प्रोसेसर खोळंबून. मी प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची छोटी यादी दिली: ती भरली की एकदाच कुलूप लावायचं आणि सगळ्या नोंदी एकदम द्यायच्या. काम भराभर चालू लागलं. साहेब खूश झाले. मग कळलं, की नोंद छोट्या यादीतच अडकली असेल तर वापरातलं पान निकामी समजून बाहेर जातं. तेव्हा मी आणखी एक पायरी घातली. काहीही बाहेर काढण्याआधी प्रत्येकाकडे जायचं आणि यादी भरलेली असो-नसो, जे असेल ते मागून घ्यायचं.

ती पायरी लिहायला मला एक दुपार पुरली.

हे दादाला दाखवणार नाही, घडी करून ठेवून देईन. तो म्हणेल, अजून मायवर रागावून आहेस का. आहे, माय.