गावं संपली की घोडे थांबतात

शुक्र., ९ जाने.
अण्णा आज पुन्हा म्हणाले, तिकीट अलीकडचं कर, सिन्नरला जातो. कतारला येऊन महिनासुद्धा झाला नाही. आमच्या इराला आजोबांचं मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. मग अण्णा नुसती मान डोलावतात आणि बाल्कनीत जाऊन बसतात. वाईट वाटतं.

शनि., १०
मराठी मंडळाचा संक्रांत मेळावा उम्म सलालच्या शेतावर. यंदाची थीम 'जुनी जत्रा'. अण्णांना सहज विचारलं तर गडी खुलला! माझे पणजोबा म्हणे लाकडी घोड्यांची चक्री बैलगाडीत घालून जत्रा करत हिंडायचे. शंभरेक वर्षं झाली. वीज नाही, घड्याळ नाही, फेरा गाण्यावर. गाण्यात वाटेवरच्या जत्रांची गावं. गावं संपली की घोडे थांबले.
ठरलं, चक्री करायची. तिकिटाचं बघू म्हटलं.

गुरु., १५
इंडस्ट्रियल एरियातून चक्रीची लोखंडी चौकट आली. मुग्धाने प्लायवूडचे घोडे रंगवले. एक थेट गाढव दिसतो. नवरा म्हणून गप्प बसलो. गॅस प्लँटमधल्या नोकरीची सवय जात नाही: तांदळाच्या पोत्यांनी लोड टेस्ट, घोड्याघोड्याला पट्टा, मुलांना हेल्मेट, मोटर एकदम सावकाश. अण्णा बघत होते. "घोडे आहेत का गोगलगाई?"

शुक्र., २३
मेळावा. दोन फेऱ्यांत मुलं कंटाळून उतरली. माझं तोंड एवढंसं. अण्णा उठले, 'यल्ला' म्हणाले (म्हणजे 'चला', इथे शिकलेला एकुलता एक अरबी शब्द), मोटर सोडवायला लावली आणि दांडा हातात घेऊन गायला लागले. सिन्नर, निफाड, चांदवड, येवला... घोडे सुटले! ही रांग लागली. हेल्मेटं तेवढी राहू दिली.
येवला झालं, घोडे थांबले. इरा उतरेना.
"आजोबा, थांबू नका ना. मुशैरिब राहिलं."
मराठीत! अण्णांनी इथलं मुशैरिबही चालीत बसवलं. मग पोरांनी इथलं एकेक गाव घुसडायला सुरुवात केली. एशियन टाउनसुद्धा. मला रडू आलं. मुग्धाने रुमाल पुढे केला.

शनि., २४
अण्णांचा घसा पार बसलाय. हळद-दूध चालू. इरा सकाळपासून शेजारी, गाण्यात गावं घालतेय. अल खोर झालं, वक्रा झालं. मी लॅपटॉप उघडून विचारलं, तिकीट कधीचं करू?
"हिची गावं तरी संपू दे," फाटक्या आवाजात म्हणाले.
इरा कतारचा नकाशा आणायला पळाली.