मामा सुमनचे पाढे

१७ नोव्हेंबर, सोमवार
निखिलचा फोन, ऑकलंडमधल्या पेनरोजच्या गोदामातून. मागे फोर्कलिफ्टची पीं पीं. "आई, डिसेंबरच्या पहिल्या शनिवारचं तिकीट काढलंय. आता तरी बदलू नकोस." याआधी दोनदा बदलायला लावलं, त्यामुळे बोलायला तोंड नाही. दोन महिने गणित शिकवायला म्हणून कुक बेटांपैकी या एका बेटावर आले, तिसरं वर्ष चालू आहे. लेकाने ऑकलंडला बोलावलं ते आराम करायला, आणि आई इथे समुद्रकाठी फळ्यापाशी.
म्हटलं, मी गेले तर दुपारचा वर्ग कोण घेणार? हेडबाईंना माणूस मिळत नाहीये. खोटं नाही. पण न मिळालेलं मलाही बरंच आहे, हे त्याला कशाला सांगा.

१९ नोव्हेंबर
साताचा पाढा. पोरं मराठीतच म्हणतात, "सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस." इंग्रजीत मला तालच सापडत नाही, म्हणून आपला घरचाच शिकवला. हेडबाई हसल्या, "मामा सुमन, तुमच्यानंतर येईल त्याला आधी मराठी शिकवावी लागेल." (इथे मोठ्या बाईला मामा म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मिशीला हात गेला होता.)
मीही हसले. घरी आल्यावर मात्र विचार. म्हणजे कुलूप लावून किल्ली मीच कमरेला खोचली की.

२१ नोव्हेंबर
शेजारच्या तेरेला विचारलं. रोज वर्गात मागे बसून माडाच्या झापाच्या टोप्या विणते, ऐकते सगळं.
"वर्ग घेशील?"
"मी? मामा, मी शाळा अर्धी सोडलेली बाई."
"मी चौथीनंतर भावाची पुस्तकं चुलीपाशी वाचली. चुलीने सर्टिफिकेट दिलं नाही."
खूप हसली. हो म्हणाली नाही. संध्याकाळी पपई पाठवली. हे हो की नाही, देव जाणे.

२५ नोव्हेंबर
तेरे वर्गापुढे उभी राहिली. मराठी पाढा म्हणायला गेली नि "नऊ सत्ते" वर जीभ अडकली. पोरांनी दुरुस्त केलं, मग खिदळली. तेरे टोपी उचलून सरळ घरी. मी मागे गेले तर भांडी घासत होती, माझ्याकडे न बघता. "ते तुमचं आहे, मामा. माझ्या तोंडात बसत नाही."
खरंच आहे. दुसऱ्याच्या चपलेत पाय घालायला मीच सांगितलं. आणि मनात खोल कुठेतरी, आता तिकीट बदलावं लागेल, असं गोड वाटलं. लबाड म्हातारी.

२६ नोव्हेंबर
सकाळी जाऊन सांगितलं, "माझं राहू दे. तुझ्या तोंडात बसेल तसं म्हण."

१ डिसेंबर
काय सांगू. तेरे आली ती लाकडी ढोल घेऊन. चर्चमधल्या गाण्याची चाल, बायका एक ओळ, पुरुष एक ओळ, तशी तिने पोरांची दोन टोळकी केली. "रुआ, आ, ओनो, वारू..." दोन, चार, सहा, आठ, त्यांच्याच भाषेत. काठी ढोलावर, पोरं उड्या मारतायत, हेडबाई दारात. माझा वर्ग एवढा मोठ्याने कधी बोललाच नाही. मी मागच्या बाकावर बसले, तेरेच्या जागी. विणता येत नाही, नुसती टाळ्या पिटत होते.
रात्री निखिलला मेसेज: येते शनिवारी. त्याचं उत्तर, "नक्की?" पोरगा ओळखतो.

५ डिसें.
निरोपाचं जेवण. जमिनीत भाजलेलं डुक्कर त्यांना, तारोचे कंद नि केळी मला. गळ्यात शंखांच्या माळा कानापर्यंत. नवरी असते तर बरी दिसले असते. तेरे रडली, मग मी रडले, मग दोघींनी एकमेकींची लाल झालेली नाकं दाखवली नि हसलो.

७ डिसें., रविवार, ऑकलंड
काल निघाले. मधे तारखेची रेघ ओलांडली, शनिवार अर्धाच मिळाला. विमानतळावर निखिल जँडल्समध्येच, म्हणजे रबरी चपलांतच, आलेला. नात इराने माळा मोजून घेतल्या. "आजी, यू लुक सो ब्राउन." म्हटलं, आधी काय गोरी होते?

९ डिसें.
तेरेचा व्हिडिओ कॉल. तिकडे अजून सोमवार, दुपारचा वर्ग. फोन खिडकीत टेकवलेला, अर्ध्या चित्रात माडच. आठाचा पाढा. आठ सत्ते आला नि पोरं म्हणाली, पन्नास नि "आ". चोपन्न. माझ्या ओठांवर छप्पन्न आलं होतं, हात तोंडावर दाबून धरला. निखिल माझ्याकडे बघतोय. ढोलाची काठी थांबली. तेरेने पोरांकडे मान वळवली, नि तेवढ्यात रेंज गेली.
"जस्ट कॉल बॅक, आजी," इरा म्हणते. फोन हातात आहे. म्हटलं, आधी चहा ठेवते.