दहाव्याचा शब्द

ब्रेडा,
२ सप्टेंबर २०२४

ती. राधाबाई वन्संस,
कुमुदिनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे शेजारीच बसलेले असतात, म्हणून पत्र. टपाल महाग, तेव्हा कागदाच्या दोन्ही बाजू भरते आहे. चष्मा लावून वाचा.

माघात आपल्या निहारचा दहावा इथे हॉलंडातच तळ्याकाठी केला, तेव्हा कावळा पिंडाला शिवेना. सूनबाईला अंतर देणार नाही, असं मी म्हटलं, तरी ढिम्म. शेवटी हे हात जोडून म्हणाले, की बाळा, तुझी गाडी मी चालू करीन. तसा लगेच शिवला. समताच्या माहेरी पिंड-कावळा काही मानत नाहीत, पण तिनंही माझा दंड घट्ट धरला.

गाडी म्हणजे ती लांब नाकाची जुनी अमेरिकन, निहारनं खोलून ठेवलेली. तिच्या इंजिनाचा ब्लॉक तडकला आहे. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड, आणि वर बसतात ती हेड्स म्हणजे त्याची दोन डोकी. गॅरेजवाला विम हा निहारचा मित्र. तो म्हणतो, धड दुसरं आणा. त्यानं दाखवलेला पहिला आतून फार पोखरलेला होता. यांनी नाकारला ते बरोबरच. दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा, तर यांनी विचारलं, की यात इंजिन करायचं की कुकर लावायचा. तिसरा बिडाचा, गाडीच्याच सालचा, अगदी निर्दोष. तर आता म्हणे त्यावर निहारची हेड्स जुळणार नाहीत! ती त्यानं आतून स्वतःच्या हातानं घासलेली. विमनं बसवून दाखवली, तरी हे मान हलवतात.

तडकलेला ब्लॉक यांनी बैठकीत आणवून ठेवला आहे. तिन्हीसांजेला मी देवापाशी दिवा लावते, तेव्हा हे त्यावर पाना वाजवतात आणि कान लावून थांबतात. विचारलं तर म्हणाले, तडा कुठवर गेला ते ऐकतो. पण वन्सं, तडा ऐकणारा माणूस मध्येच हं, हं म्हणतो का? परवा मलाही फोडणीच्या वर निहारच्या हाताच्या ग्रीसचा वास आला. मी गॅस बंद करून तशीच उभी राहिले.

मी भाजीचा हिशोबसुद्धा उद्यावर टाकत नाही. हे कसं टाकू? शब्द अपुरा राहिला तर पोराला गती नाही. तुम्ही थोरल्या, यांना दटावा.

आहे तो लोभ उणा होऊ देऊ नये.
आपली,
कुमुदिनी


सातारा,
१५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. कुमुदिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं मुंगीच्या अक्षरातलं पत्र वाचून डोळे गेले. पुढच्या वेळी एक कागद जास्त खर्च कर, देव कमी पडू देणार नाही.

हरीला मी काय दटावू? त्याला ब्लॉक मिळत नाही असं थोडंच आहे! गाडी चालू झाली की शब्द पुरा, आणि शब्द पुरा झाला की निहार मोकळा. त्याला मोकळं करायचं नाही, म्हणून हेड्स जुळत नाहीत. तुला पसंत करतानाही त्यानं असेच फाटे फोडले होते, पण तेव्हा निदान दाराआडून तुला बघत तरी होता!

पण अडकून राहिलेल्या जिवाचे हाल होतात गं. तूच विमला होकार कळव आणि दिवाळीच्या आत काम उरकून घे. किल्ली तू फिरव. आईच्या हातानंही शब्द पुरा होतो.

समताला माझी आठवण सांग. जेवणाखाण्याची हेळसांड करू नका.
तुझी,
राधाबाई


ब्रेडा,
२८ ऑक्टोबर २०२४

ती. राधाबाई वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही. विमला मीच सांगितलं: बिडाचा ब्लॉक घ्या, आणि वर निहारचीच हेड्स. यांना कळलं, तेव्हा रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, की तुला घाई झाली. ते ऐकून मला रात्रभर कढ येत राहिले, पण मागे फिरले नाही.

काल सकाळी विमनं सगळं जोडून दिलं. मी नारळ फोडला, आत बसले. समता शेजारी. हे पुढे, उघड्या बॉनेटपाशी. गजाननाचं नाव घेऊन किल्ली फिरवली आणि वन्सं, पहिल्या फेरीत इंजिन लागलं! केवढा तो आवाज, पाठीच्या मणक्यातून वर चढला. समोरची शेजारीण खिडकीत आली. विमनं टाळ्या वाजवल्या. यांनी मात्र डोळे गच्च मिटून घेतले होते.

आणि त्या आवाजातही मला मागची सीट करकरलेली ऐकू आली. कुणी उतरायला निघावं तशी.

मी झटकन किल्ली उलटी फिरवली. बाहेर येऊन म्हणाले, की नाही, हे नीट लागलं नाही, हे धरायचं नाही. विम बघतच राहिला. म्हणाला, याहून चांगलं लागत नसतं. तर हे लगेच म्हणाले, की मला आधीपासून वाटतच होतं, हेड्स पुन्हा खोलायला हवीत. समतानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे, आणि विमला डचमध्ये हळूच काहीतरी सांगितलं. त्यानं टोपी काढली आणि नट सैल करायला लागला.

मी आत जाऊन चौघांचा चहा टाकला. पाचवा कप कधी भरला, मला कळलं नाही. समतानं तोही ट्रेमध्ये ठेवून बाहेर नेला.

रागवा, पण लोभ तेवढाच राहू द्या.
आपली,
कुमुदिनी