ठेचा कुटल्यावरचं काजळ

अण्णा नगर, चेन्नई
मंगळवार, १९ जून २००७

शाळेतून आले, ठेचा कुटला, साबणाने हात धुतले आणि त्याच बोटाने बाळाला काजळ घातलं. किती रडलं ते! सासूबाई घाबरल्या. "माझंच काजळ बाधलं गं," म्हणत साताऱ्याहून आणलेलं घरचं तुपातलं काजळ त्यांनी डबीसकट फेकून दिलं. मिरचीचा तिखटपणा पाण्यात नाही, तुपातेलात विरघळतो, हे वर्गात कोण शिकवतं? मीच ना? त्या तुपानेच तो माझ्या बोटावरून उचलला. आत्ताही बोट चुरचुरतंय. सांगायला तोंड उघडलंही होतं...

बाळ शांत झोपलंय. जेवताना सासूबाईंनी ठेचा पुन्हा मागून घेतला. म्हणाल्या, "छान झालाय हो. काजळ मात्र मी आता कधी करायची नाही."