ती चिठ्ठी त्याला होती

१२ जाने., सोमवार
मुळात वाचायचीच कशाला? घडी घातलेली, वर टाचणी मारलेली चिठ्ठी. जुबैदाच्या हातात देताना दोनदा बोललेले, काबासमोर उभी राहशील तेव्हा नुसती हातात धर, मनात म्हण ही माझ्या भाभीची दुआ. बास. मक्केला उमऱ्याला जाणाऱ्याकडे सगळे चिठ्ठ्या देतात, मी पण दिली. तर ही माझी नणंद मोबाइल समोर धरून एकेकाची चिठ्ठी मोठ्याने वाचते, आणि व्हिडिओ खानदानाच्या ग्रुपवर. का, तर मागे चुलत जाऊ गेलेली तेव्हा लोक बोलले, आमची दुआ मागितलीच नाही. म्हणून हिला पुरावा पाहिजे.

माझ्या आधी कोणाचे तरी गुडघे. माझ्यानंतर कोणाच्या तरी बिल्डिंगला लिफ्ट. मधी मी. जु. उर्दू शाळेतली, मराठी धड वाचता येत नाही. अक्षर अक्षर लावून वाचलं. या अल्लाह, माझ्या पोरीचं, शब्बूचं लग्न मीच मोडलं. मुलाच्या आईला खोटं सांगितलं की पोरीला मि...र...गी येते. मला माफ कर. शब्बूला घरी आण.
आमीन बोलली, आणि पुढे लिफ्ट.

१३ जाने.
जु.ला फोन लागला. मी तोंड सोडलं. म्हणते, वाचताना कळलंच नाही गं भाभी, सगळं लक्ष अक्षरं लावण्यात. वर मलाच,
"अल्लाहच्या घरासमोर काय लपवायचं?"
"त्याच्यापासून कोण लपवतंय? तुझ्यापासून लपवत होते."
रडायला लागली. मी फोन ठेवला. व्हिडिओ काढला तिने, पण आता काढून काय. सगळ्यांचा बघून झाला.

दूधनाक्यावर तांदूळ दळायला गेले. ऑर्डरच्या भाकऱ्या होत्या. गिरणीवाल्याची बायको मला बघून गप्प. एरवी तिचं तोंड गिरणीच्या वर चालतं.
दोन वर्षं होत आली, मी सगळ्यांना सांगतेय मुलाकडचे हावरट, त्यांनी मोडलं. आणि पोरीला हॉस्पिटलातली नोकरी डोक्यात गेली म्हणून ती शहाडला भाड्याच्या खोलीत राहते, आईशी बोलत नाही. लोकांनी जवळ बसवून चहा पाजला मला. घरोघरी. आता ते...

१५ जाने., गुरुवार
शब्बूचा मेसेज. घर सोडल्यापासून पहिला. "ऐकलं." एवढंच. फोन केला, उचलला नाही. परत केला, कट.
ती ग्रुपवर नाही. कोणीतरी व्हिडिओ पाठवला तिला. ज्याने पाठवला त्याचे हात... जाऊ दे, नाही लिहीत.

दुपारी बायकांच्या दर्सला गेले, कुराण समजावतात तिथं. न जाता काय, घरात बसून तरी. दर्स घेणारी आपा शिकवत होती, तो जवळ आहे, मागणाऱ्याचं ऐकतो, मधी कोणी लागत नाही. अरबी येत नसेल तर आपल्या बोलीत मागा. बायका मान डोलवत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. उठताना आपाने बाजूला घेतलं.
"हमीदा, एवढ्या लांब चिठ्ठी कशाला पाठवलीस? तो तुझ्या सैपाकघरात नव्हता का?"
"होता. म्हणून तर लांब पाठवली."

खरं तेच आहे. पाच वेळ नमाज पढते मी. नंतर हात वर करून सगळं मागितलं, बरकत, तब्येत, ह्यांच्या कबरीत उजेड. शब्बूचं नाव ओठावर आलं की हात तोंडावर फिरवायचे आणि उठायचे. दुआ संपली.

१७ जाने., शनिवार
ठाण्याला, खोपटला गेले. शब्बूचं ठरलेलं त्या मुलाची आई डेपोच्या मागे राहते. दारातच सांगून टाकलं, माझ्या पोरीला मिरगी नाही, कधी फिट आलेली नाही, मी खोटं बोललेले. बस म्हणाली नाही. पाणी मात्र दिलं. म्हणाली, मुलाचं लग्न झालं, बायकोला घेऊन कतारला गेला.
"तुमच्या पोरीसाठी मी तेव्हा रडलेले. बिचारी आजारी म्हणून."
मग म्हणाली, आता हे सांगून तुम्ही हलक्या होणार, मी काय करू याचं? ग्लास तिथंच कठड्यावर ठेवून निघाले. हलकी बिलकी काही झाले नाही.

१९ जाने., सोमवार
शहाड. शब्बूच्या खोलीवर. बरोबरची मुलगी बोलली, ड्युटीवर आहे. दाराच्या आत शब्बूच्या चपला दिसल्या. डावी टाच बाहेरून झिजलेली, लहानपणापासून तशीच झिजवते. त्या मुलीला खोटं बोलता येत नाही, सारखी मागे बघत होती. मी म्हटलं बरं, आणि परत आले.

२० जाने., मंगळवार
आज ऑर्डर नाही. दुपारनंतरची असरची नमाज खुर्चीवर बसून पढले, उठले नाही. हात वर केले आणि तोंडावर फिरवले नाहीत. आपल्या बोलीत, मोठ्याने बोलले. चिठ्ठीत लिहिलं नव्हतं ते पण. मुलगा चांगला होता, मला माहीत होतं. तो तिला कतारला नेणार होता आणि मी या दोन खोल्यांत एकटी पडले असते. म्हणून मिरगी. तिच्या भल्याबिल्याचं काही नाही. आणि घरी आण लिहिलं, ते पण माझ्याचसाठी.

रडू आलं नाही. दर्समध्ये बायका काय रडतात.
मग काही नाही. पंखा फिरत होता. खालच्या घरात कुकरच्या शिट्ट्या. मी बसलेली.
तू जवळ आहेस म्हणतात. म्हणजे ऐकलंस. ऐकून गप्प बसायचं शब्बू तुझ्याकडून शिकली काय?

अल्लाहला मुदत घालायची नसते, आपाला विचारलं तर हेच बोलेल. माहितीय मला. घालते. घरी आण म्हणत नाही आता. यायचं नसेल तर नको येऊ दे. पण आत्ता येणार नाही की कधीच येणार नाही, ते तिच्या तोंडून ऐकव. मेसेज नको. शिव्या दिल्या तरी चालेल, आवाज तिचा पाहिजे. शुक्रवारी, २३ तारखेला जुम्मा आहे. सूर्य बुडल्यावरच्या मगरिबच्या अजानपर्यंत थांबते. त्याच्या आत सांग.