चालवणाऱ्याचं वजन

प्रिय अहो,

समोर होतात तेव्हा कधी नावानं हाक मारली नाही, आता पत्रात कशाला मारू? लिहायला बसले, कारण उद्या सकाळी आपली केतकी तुमची लाल गाडी घेऊन बंगळूरला निघतेय. नवी नोकरी तिकडे लागली. विमानं आहेत, बस आहेत, पण नाही! लेक कुणाची? मला सकाळपासून घास उतरत नाहीये, आणि हे सांगायचं कुणाला?

गाडी आणलीत तो दिवस आठवतो? बँकेतली कायमची नोकरी सोडून सॉफ्टवेअरमध्ये उडी मारलीत, हिंजवडीला जायला लागलात, आणि हात जरा सैल झाल्यावर काय आणावं माणसानं? जुनी, परदेशी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार! घरात माणसं तीन. "तिसऱ्यानं कुठे बसायचं?" मी विचारलं. "आळीपाळीनं," म्हणालात. पाळी कायम केतकीची. मी आपली धायरी फाट्यावर बसची वाट बघत उभी.

तिला सगळं शिकवलंत. ऑइल बदलायचं, प्लग साफ करायचे, आवाजावरून दुखणं ओळखायचं. मग बुशचं तेवढंच का हो राहिलं?

चाकांचे आर्म गाडीला जिथे जोडतात तिथे रबराचे बुश असतात, हे आता मलाही पाठ झालंय. तुम्ही गेल्यावर गाडी नुसती उभी राहिली आणि ते चिरले. खड्डा आला की पुढून खडखड. केतकीनं नवे आणून स्वतःच बसवले. गाडी स्टँडवर चढवली, चाकं अधांतरी, आणि तशीच सगळे बोल्ट गच्च आवळून मोकळी झाली. तिथेच चुकलं. गाडी खाली उतरली, अंगावर वजन आलं, आणि नव्याकोऱ्या रबराला पीळ बसला. ते कितीसं टिकणार? फाटलंच. कात्रजच्या नव्या बोगद्यापुढे उतारावर तिनं ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. मागे ट्रक. आणि हे मला कधी सांगावं? आमटी वाढून घेता घेता!

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही तर हॉस्पिटलातून परत आलाच नाहीत. आता हिला रस्त्याच्या हवाली करू का? किती सोसायचं एका माणसानं?

"विकून टाक ती," मी म्हटलं. "गाडीचा काय दोष? माझंच चुकलं," म्हणाली आणि पुन्हा नवे बुश मागवले. या वेळी जुन्या गाड्या बाळगणाऱ्या कुणा गृहस्थांना फोन करून आधी विचारलं. ते म्हणाले, गाडी चाकांवर उभी करायची, चालवणारा सीटवर बसवायचा, आणि मगच शेवटचं आवळायचं. म्हणजे रबर सरळ राहतं.

आज सकाळी पार्किंगमध्ये चाकांखाली जाड फळ्या सरकवल्या आणि मला बोलावलं. "आई, आत बस."

"मी? तांदळाचं पोतं ठेव की!"

"पोत्याला ब्रेक दाबता येत नाही."

साडी सावरत त्या बुटक्या सीटमध्ये बसले. बसले कसली, पडलेच! ही खाली सरकली. माझा पाय ब्रेकवर आणि माझी पोटची पोर गाडीखाली. पाय निसटला तर? फळी सरकली तर? त्यातच सोसायटीचे सेक्रेटरी हजर. "काय वहिनी, गॅरेज उघडलंत? नियमात बसत नाही हे." मी म्हटलं, "सध्या मी गाडीत बसलेय. नियमाचं उतरल्यावर बघू." गेले पाय आपटत.

मग मला एकदम सुचलं. "केतकी, अगं बाबा केवढे जड होते! माझ्या वजनानं कसं भागेल?"

खालचा पान्याचा आवाज थांबला. मी घाबरून हाका मारायला लागले, तेव्हा म्हणाली, "आई, गाडी आता मी चालवणार. बाबा नाही. तुझं-माझं वजन सारखंच आहे."

मला रडू फुटलं. इतक्या दिवसांत तुमचे कपडे दिले, चष्मा दिला, तेव्हा डोळ्यांतून टिपूस नाही, आणि त्या स्टिअरिंगला धरून हुंदके देत होते! त्या हुंदक्यांनी गाडी हलायला लागली. "आई, हलू नकोस!" ती ओरडली. नाही हलले. रडले, पण ब्रेक सोडला नाही.

दुपारी खडकवासल्यापर्यंत जाऊन आली. "स्टिअरिंगवरचे हात सोडून ब्रेक दाबला, सरळ थांबली," म्हणते. हात सोडून! ऐकलंत? आणि पुढे खंबाटकीचा घाट आहे, कोल्हापूर आहे, बेळगाव आहे, शेकडो ट्रक आहेत. आता न्हाणीघरात साखर आणि खोबरेल चोळून हाताचं ग्रीस काढतेय, वर गाणं म्हणतेय. मी मात्र इथे मनात ट्रक मोजतेय.

म्हणून ठरवलंय. उद्या डाव्या सीटवर मी बसणार, पार बंगळूरपर्यंत. तिला अजून बोलले नाही. वाटेत घाबरेन, रामरक्षा म्हणेन, दर वळणाला "हळू गं" म्हणेन, तेवढं मला करू द्या. पण अहो, तुम्हाला शब्द देते, "परत फिर" असं एकदाही म्हणणार नाही. आणि तिथे पोचल्यावर "चल घरी" असंही म्हणणार नाही. तिला तिथे सोडून, बसनं एकटी परत येईन.

तुमचीच,
सुधा