कापलेली मांडी

मूल, जिल्हा चांदा
२० जानेवारी १९५८

प्रिय गुणवंत,

आशीर्वाद मनात आहेत, पण आज ते कागदावर उतरवायला हात वळत नाही. तुझा निरोप देवाजीनं परवा पोचवला. गाडीतून उतरला तो थेट आपल्याच दारी आला बिचारा. निरोपाचं उत्तर देते, पण शेवटी. आधी माझं ऐकून घे. समोर असतास तर मधेच हसून विषय बदलला असतास. कागदापुढे ते जमणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात तू दुधाच्या भुकटीच्या कंपनीची मोटार घेऊन इथल्या बाजारात आलास, तेव्हा मला काय अभिमान वाटला होता! भोंग्यावर गाणी, आणि मोटारीच्या अंगावर ते गोऱ्यागोमट्या बाळाचं एवढं मोठं चित्र. खाली लिहिलेलं, 'तुमचं बाळ असं आहे का?' ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तू वाचून दाखवत होतास. बाया आधी चित्राकडे बघायच्या आणि मग आपल्या कडेवरच्या लेकराकडे. ते बघणं मी विसरले नाही. घडीभरापूर्वी जे लेकरू त्यांना राजासारखं वाटत होतं, ते त्यांना एकाएकी काळं, किडकिडीत दिसायला लागलं. जेवताना तू मला समजावलंस, 'ताई, माल विकायचा नसतो. मनात एक शंका सोडायची, माल आपोआप जातो.' मी वर तुला भाकरी वाढली.

ती शंका आपल्या शेजारच्या शकूच्या मनात जाऊन बसली. तिचा वारलू तेव्हा तीन महिन्यांचा. दूध भरपूर होतं तिला, पण तुझ्या मोटारीवरून तिनं ऐकलं होतं की जंगलातल्या बायांचं दूध पातळ असतं. मी तिला म्हटलं, अगं, हा चांगला बाळसेदार आहे. ती म्हणाली, 'बाई, तुमचाच भाऊ सांगून गेला नं? तो काऊन खोटं बोलंल?' तिनं डबा विकत आणला आणि पोराला अंगावरून तोडलं. डबा लवकर संपू नये म्हणून भुकटी कमी, पाणी जास्त. पाणी विहिरीचं, पावसाळ्यातलं.

पोराला हगवण लागली. डोळे आत गेले, रडायचाही आवाज राहिला नाही. दवाखान्यातले डॉक्टर शकूवर ओरडले, डबा फेक आणि अंगावर पाज म्हणाले. पण तिचं दूध आटलं होतं. ती ओट्यावर बसून रडायची आणि पोर नुसतं तोंड हलवायचं. तेव्हा रहीम शिंप्याची खैरुन आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिची सुलताना वारलूच्याच वयाची. शकूची सासू दारात आडवी झाली, 'तुह्यं दूध आमच्या पोराले चालत नाई.' खैरुन वाद घालत बसली नाही. ओट्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, 'म्हातारे, मी इथीच बसतो. पोरगा रडला तं दे.' थोड्या वेळानं पोर कण्हलं आणि म्हातारीनंच आणून तिच्या मांडीवर घातलं. पावसाळाभर खैरुननं दोन लेकरं पाजली. आधी वारलूला, उरलं तर सुलतानाला. शकू काही द्यायला गेली की खैरुन चिडायची. म्हातारी मात्र रोज काही ना काही घेऊन जायची, कधी अंबाडीची भाजी, कधी ओंजळभर तांदूळ. दारात ठेवायची आणि यायची.

हे सगळं मी तुला दिवाळीत सांगितलं होतं, गुणवंत. एकही गोष्ट गाळली नव्हती. तू मान खाली घालून ऐकलंस. मला वाटलं, तुझ्या मनाला लागलं कुठंतरी. मग तू कॅमेरा काढलास. खैरुन ओट्यावर वारलूला घेऊन बसली होती, तू फोटो घेतलास, 'काय गुटगुटीत झाला!' म्हणालास. मी समजले, तू खैरुनचा फोटो काढतो आहेस.

आता लच्छूच्या किराणा दुकानात तुमच्या कंपनीचं नव्या वर्षाचं कॅलेंडर लागलं आहे. त्यावर वारलू हसतो आहे. खाली छापलं आहे, 'या डब्याने माझ्या बाळाला जीवदान दिले. मी जन्मभर ऋणी आहे. एक माता, मु. मूल.' खैरुनची मांडी कापून तिथं डबा बसवला आहे. फक्त वारलूच्या बगलेखाली तिचा हात राहिला आहे, तो तुमच्या कात्रीला काढता आला नसावा. शकू दुकानात उभी राहून ओरडली, 'मी कधी म्हटलं असं?' खैरुननं पुढे होऊन चित्र बघितलं. मग म्हणाली, 'हात तेवढा ठेवला माहा, बाकी मले काढून टाकलं.' आणि मीठ न घेताच घरी गेली.

तुला भुकटी विकायची तर विक. पण त्या म्हातारीनं जातपात गिळून जे आभार त्या दारात ठेवले, ते उचलून तू डब्यावर चिकटवलेस. त्या कॅलेंडरकडे बघून आणखी किती शकू आपलं दूध आटवतील, याचा विचार तुझ्या मनात आला का रे? मी रोज त्या दुकानासमोरून जाते आणि रोज माझं अंग पेटतं.

आता तुझ्या निरोपाचं. मालतीला मुलगा झाला, ऐकून डोळे भरले. तिला दूध नाही, पोर वाळत चाललं आहे, आणि तू देवाजीकडून कळवतोस, 'आमच्या घरात डबा नको. अंगावर पाजणारी बाई बघ, जमलं तर तीच खैरुन पाठव.' तीच! ऐकल्यावर मी देवाजीला म्हटलं, सांग त्याला, कॅलेंडर पाज म्हणावं. पण खैरुन मागे उभी होती. तिनं सगळं ऐकलं. माझ्यावरच डाफरली, 'बाई, लेकरानं काय केलं? त्याच्यासाठी जातो मी. तुमच्या भावासाठी नाई.' रहीमनं होकार दिला आहे. शनिवारी सुलतानाला घेऊन आम्ही दोघी निघतो, नागभीडला गाडी बदलून संध्याकाळी इतवारीला उतरू. तू स्वतः स्टेशनवर ये, माणूस पाठवू नकोस. आणि आम्ही पोचायच्या आत, वारलू कुणाच्या मांडीवर वाचला हे मालतीला तुझ्या तोंडानं सांग. एवढ्याचसाठी हे पत्र आमच्या आधी टाकते आहे. तुला सांगायला जमलं नाही, तर खैरुन तुझ्या लेकराला जवळ घेईल तेव्हा मालतीशेजारी बसून मी सांगेन, आणि तुला तिथंच उभं राहून ऐकावं लागेल.

अजून तरी तुझीच,
इंदुताई